लोकरी बेरे: डोक्याचं माप, घेर आणि बसवण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीसाठी फ्रान्समध्ये तुलूझला आलेल्या एका तरुणाने लूर्दच्या बाजारातून काळी लोकरी बेरे, म्हणजे गोल, पसरट, बिनछज्ज्याची टोपी घेतली. ती डोक्यावर बसत नाही, नुसती ठेवल्यासारखी दिसते. वारा आला की हाताने धरावी लागते, आणि कपाळाला खाज सुटते ती वेगळीच. आता त्याला स्वतःसाठी एक नीट बेरे हवी आहे आणि पुण्यात वडिलांनाही एक पाठवायची आहे. चांगली कशी ओळखायची, मापाची कशी घ्यायची आणि घालायची कशी, असं त्याने विचारलं आहे.

मी पो शहरातल्या एका टोप्यांच्या दुकानात काम करतो. मापं घेणं, वाफेवर टोपी सैल करणं, आजोबांच्या जुन्या बेरे घेऊन येणाऱ्या नातवंडांना त्या धुऊन, रफू करून देणं, हा रोजचा धंदा. त्यामुळे उत्तर दुकानदाराच्या अंगाने जाईल. फॅशनमधलं मला फारसं कळत नाही.

तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यातलं एकही तुमच्या चेहऱ्यात नाही. "मला टोपी शोभतच नाही" हे वाक्य मी काउंटरवर रोज ऐकतो. बहुतेक वेळा टोपी चुकीची असते, नाहीतर बरोबर टोपी चुकीची बसवलेली असते.

मापापासून सुरुवात करू. बेरेला दोन मापं असतात आणि गिऱ्हाईक एकच विचारतं. पहिलं डोक्याचं, म्हणजे ज्या कडेत डोकं जातं तिचं. दुसरं वरच्या गोल पसरट भागाचं, म्हणजे घेराचं. बेरे सपाट ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार मोजली की जो आकडा येतो तो घेर. डोक्याचं माप चुकलं तर टोपी टोचते किंवा उडते. घेर चुकला तर माणूस हास्यास्पद दिसतो. दुसरी चूक जास्त होते, कारण तिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही.

डोक्याचं माप शिंप्याच्या टेपने घ्या. कपाळावर भुवयांच्या वर बोटभर, कानांच्या किंचित वरून, आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत बाहेर आलेला असतो त्यावरून टेप फिरवा. टेप त्वचेला टेकलेली असावी, रुतलेली नको. केस रोज जसे असतात तसेच ठेवा. न्हाऊन आल्यावर चप्प बसलेल्या केसांवर माप घेतलं तर ते खोटं येतं, आणि अंबाडा घालणाऱ्या बाईने केस मोकळे सोडून माप दिलं तर तेही खोटंच. सेंटिमीटरमध्ये येणारा आकडा हेच इथलं टोपीचं माप. ५७ आलं तर ५७ नंबर. ५७ आणि ५८ च्या मध्ये आलं तर काय करायचं ते टोपीच्या आत चामड्याची पट्टी आहे की नाही यावर ठरतं. त्याकडे पुढे येतो.

घेराचं गणित एकदा करून बघा, म्हणजे पुन्हा कोणाला विचारावं लागणार नाही. ५७ सेंटिमीटर मापाचं डोकं आरपार सरासरी १८ सेंटिमीटर भरतं. बेरेचा घेर २८ असेल तर डोक्याबाहेर चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर कापड उरतं. पण बेरे चहूबाजूंनी सारखी कोणी घालत नाही. ते उरलेलं कापड, म्हणजे झोळ, एका बाजूला ओढतात, तेव्हा त्या बाजूला ते जवळजवळ दुप्पट होतं, १० सेंटिमीटरच्या आसपास. ते कानाच्या वर येऊन थांबतं आणि छान दिसतं. आता घेर ३२ धरा. चहूबाजूंनी ७, एका बाजूला ओढलं की १४. म्हणजे कान गेला आणि खांद्याकडे लोंबायला सुरुवात झाली. लेबलवर चारच सेंटिमीटरचा फरक, पण आरशात दिसणारा माणूस निराळा.

लहान, निमुळत्या चेहऱ्याला २६-२७ पुरतो. मध्यम बांध्याच्या पुरुषाला २८ ते २९. उंच, रुंद खांद्यांच्या माणसाला ३० शोभतो. त्यापुढचे घेर सवय झालेल्यांनी घ्यावेत. काही फ्रेंच बेरेंवर घेर सेंटिमीटरमध्ये नसतो, १०, १०½, ११ असे आकडे असतात. ते जुन्या फ्रेंच इंचातले, साधारण २७, २८½ आणि ३० सेंटिमीटर समजा. पहिल्या बेरेसाठी १०½ मागितली तर सहसा पस्तावायची वेळ येत नाही. ऑनलाइन घेताना घेर दिलेला नसेल तर विचारा, आणि विक्रेत्याला सांगता येत नसेल तर तिथून घेऊ नका.

मोठ्या घेराचा मोह बास्क भागात, म्हणजे फ्रान्स-स्पेन सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या बास्क लोकांच्या मुलखात, फिरून आल्यावर होतो, हेही सांगून ठेवतो. तिथे पेलोटाच्या, म्हणजे भिंतीवर चेंडू मारण्याच्या खेळात, लाकूड फोडण्याच्या शर्यतीत, आणि बेर्त्सोलारी म्हणजे उत्स्फूर्त पद्यं रचून गाणाऱ्यांच्या स्पर्धेतही विजेत्याला करंडकाऐवजी बेरे देतात. तिला चापेला म्हणतात आणि विजेत्याला चापेल्दुन, बेरेवाला. त्या बेरेवर स्पर्धेचं नाव भरतकामाने काढलेलं असतं आणि घेर अवाढव्य असतो. फोटोत ती सुंदर दिसते. विजेतेसुद्धा ती घालून दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जात नाहीत.

आता तुमची बेरे "ठेवल्यासारखी" का दिसते. ती उलटी करा आणि बाहेरच्या गोल काठावर, म्हणजे घेर जिथे संपतो तिथे, आतून शिवण फिरली आहे का ते बघा. माझा अंदाज, फिरली असणार. स्वस्त बेरे अशा बनतात: लोकरीच्या किंवा ॲक्रिलिक मिसळलेल्या तयार कापडातून दोन चकत्या कापायच्या, एकीला मध्ये भोक पाडायचं आणि दोन्ही काठाला शिवून टाकायच्या. त्या शिवणीमुळे काठ ताठ राहतो. कापड डोक्यावरून ओघळायचं सोडून छत्रीच्या काठासारखं उभं राहतं. हाताने कितीही दाबा, पाच मिनिटांत पुन्हा उभं. ही तक्रार घालण्याच्या पद्धतीने सुटणारी नाही, टोपी बदलावी लागेल.

खरी बेरे अख्खी एका तुकड्यात विणलेली असते. मेरिनो लोकरीचा धागा यंत्रावर विणून पाचरीसारखे भाग एकाला एक जोडत गोल पुरा करतात. शेवटी एकच सांधा उरतो, मधल्यापासून काठापर्यंत सरळ जाणारा, आणि तो टाक्याला टाका लावून बुजवतात. या टप्प्यावर ती बेरे वाटतच नाही. सैल विणीची, प्रचंड मोठी, ढगळ पिशवी असते. मग गरम पाणी, साबण आणि ठोकणं. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, ऊब आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कापड आटतं, दाट होतं, वीण दिसेनाशी होते. त्यानंतर रंग, मग आकाराच्या साच्यावर ताणून वाळवणं, मग लव उभी करून ती एकसारखी कातरणं. आपल्याकडच्या धनगरी घोंगडीवर पाऊस जसा चटकन आत शिरत नाही, तसाच तो या नमद्यावरूनही, म्हणजे अशा आटून दाट झालेल्या लोकरीवरूनही, बराच वेळ ओघळत राहतो. लोकर आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. पिरेनीज डोंगररांगेतल्या ओसो आणि आस्प खोऱ्यांतल्या मेंढपाळांना टोपीकडून एवढंच हवं होतं.

हो, मेंढपाळ बेआर्नचे, म्हणजे पो शहराभोवतालच्या मुलखातले, बास्क नव्हेत. तरी जगभर तिला बास्क बेरे म्हणतात. तिसऱ्या नेपोलियनने बियारित्झच्या मुक्कामात ती लोकांच्या डोक्यावर पाहिली आणि बास्क म्हणून टाकली, असं इथे सांगतात. ती कोणाची या वादात पडू नका. बास्क मित्राच्या घरी जेवायला गेलात तर मान डोलवा. मी पोमध्ये पोट भरतो, तेव्हा माझं मत उघड आहे. कारखाने मात्र दोन्हीकडे आहेत: ओलोराँ-सँत-मारीमध्ये १८४० पासून लोलेर, आणि सीमेपलीकडे स्पेनच्या बास्क भागात तोलोसा गावी १८५८ पासून एलोसेगी. पो शहराजवळच नाय नावाचं गाव आहे, तिथे बेरेचं संग्रहालय आहे. तुलूझहून येणार असाल तर ते उघडं आहे का आधी विचारा आणि एक शनिवार त्यासाठी काढा. तिथली जुनी यंत्रं पाहिली की मी वर लिहिलेलं पटकन कळेल.

दुकानात ओळखायचं कसं? बेरे उलटी करा. काठावर गोल शिवण नसली पाहिजे. आतल्या बाजूला बोट फिरवलं की मध्यापासून काठाकडे जाणाऱ्या पुसट रेषा जाणवतात, त्या विणीच्या. त्यातली एक जरा ठळक असते, तो सांधा. बेरे खिडकीकडे धरा: उजेड ठिपक्याठिपक्यांनी आला तर नमदा विरळ आहे. मग ती मुठीत चुरगाळा आणि सोडा. चांगली बेरे स्वतः उलगडते आणि चुणी ठेवत नाही. दुकानदाराने चुरगाळू दिली नाही तर ते उत्तरच समजा. मधली शेंडी बघा. ती शोभेसाठी लावलेली नसते, विणीच्या मध्याचं भोक तिथे बंद केलेलं असतं. स्वस्त मालात ती नंतर टाचलेली किंवा डिंकाने चिकटवलेली असते. हलकेच ओढली की कळतं. हलकेच म्हणजे हलकेच. लहान मुलं शेंडी उपटतात आणि मग त्यांच्या आया बेरे घेऊन माझ्याकडे येतात.

स्थानिक बनावटीची बेरे दहा-पंधरा युरोंत मिळत नाही. त्या किमतीला मिळाली तर ती दोन चकत्यांचीच आहे असं समजून घ्या. फोटोपुरती हवी असेल तर घ्यायलाही हरकत नाही.

आता आतल्या पट्टीकडे. तुमची खाज आणि वाऱ्याने उडणं, दोन्ही इथेच सुटतील. बेरे दोन प्रकारच्या मिळतात. एकीच्या कडेला आतून चामड्याची पट्टी असते, बहुधा अस्तरही असतं. दुसरीला काहीच नसतं, कड आत दुमडलेली असते आणि लोकर थेट कपाळाला लागते. पट्टीवाली बेरे माप धरून ठेवते, घाम लोकरीपर्यंत जाऊ देत नाही आणि टोचत नाही. पण चामडं फारसं ताणत नाही, म्हणून तिचं माप अचूक हवं. मधलं माप असेल तर मोठा नंबर घ्या आणि पट्टीच्या मागे नमद्याची पातळ फीत सरकवून घ्या, कोणताही टोपीवाला करून देतो. काहींच्या पट्टीतून नाडी ओवलेली असते, ती मागे गाठ मारून आवळता येते. बिनपट्टीची बेरे आठवड्या-दोन आठवड्यांत डोक्याच्या आकाराने सैलावते. तिच्यात मधलं माप असेल तर लहान नंबर घ्यायचा. नवी असताना ती जरा आवळलीच पाहिजे.

किती आवळावी? घालून दहा मिनिटांनी काढली तर कपाळावर पुसट रेघ दिसावी आणि थोड्या वेळात जावी. खाली वाकून बुटाची नाडी बांधताना टोपी जागेवरून हलू नये. कडेखाली एक बोट सहज जावं. कानशिलांत ठसठस सुरू झाली तर माप लहान आहे, "सवय होईल" म्हणून सोसू नका. तुमच्याकडची बेरे "एकच माप सर्वांना" प्रकारची असावी. कडेला सैलसर इलॅस्टिक, त्यामुळे ती कुणालाच बसत नाही आणि वाऱ्याला फावतं. खाज जाड, भरड लोकरीची असते. मेरिनो कपाळाला इतकी टोचत नाही, पण ज्यांची त्वचा लोकरीला मुळीच सोसत नाही त्यांनी पट्टीवालीच घ्यावी.

चश्मा असेल तर कड चश्म्याच्या काड्यांच्या वर बसली पाहिजे. कड काडीवर आली की दिवसभर नाकावर ओझं वाटतं आणि दोष चश्म्याला जातो.

घालण्याची रीत. आरशासमोर उभे राहा. बेरे दोन्ही हातांनी कडेला धरा, लेबल किंवा नाडीची गाठ मागे. कड आधी कपाळावर टेकवा, भुवयांच्या वर दोन बोटं. मग मागून डोक्यावर ओढून घ्या. आता थांबा आणि फक्त कड बघा. ती डोक्याभोवती सगळीकडे सारख्या उंचीवर, आडवी असायला हवी. इथेच बहुतेकांचं बिघडतं. बेरे तिरकी घालायची असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ते कडच तिरकी करतात: एका बाजूला कानावर, दुसऱ्या बाजूला केसांच्या वर. मग टोपी घसरते, डोकं दुखतं आणि चेहरा वाकडा दिसतो. तिरकेपणा कडेचा नसतो, झोळाचा असतो. कड सरळ, झोळ तिरका.

कड जागेवर बसली की उजव्या कानाकडे झोळ घ्यायचा असेल तर डावा तळवा डोक्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर सपाट ठेवा आणि कापड कवटीला चिकटेल असं दाबत उजवीकडे सारा. डावी बाजू गुळगुळीत झाली पाहिजे. मग उजव्या हाताने झोळ जरा खाली आणि किंचित पुढे ओढा. पुढे ओढणं विसरू नका. नुसता बाजूला आणि मागे गेलेला झोळ पिशवीसारखा लोंबतो. शेंडी आता माथ्याच्या जरा बाजूला आलेली असेल, ते बरोबर आहे. आणि मग आरशापासून दूर व्हा. दर पाच मिनिटांनी चाचपून बघितलं की ती कधीच बसत नाही.

दुसरी रीत मेंढपाळांची. झोळ सगळा पुढे घ्यायचा आणि कपाळावर चिमटीत धरून छोटं छज्जं करायचं. ऊन आणि पाऊस डोळ्यांपासून दूर राहतात. इथल्या पावसात ही रीत खरोखर उपयोगी पडते, आणि निमुळत्या चेहऱ्याला छानही दिसते. तिसऱ्या रीतीत कड केसांच्या रेषेपर्यंत मागे सरकवतात, पुढचे केस दिसतात, झोळ मागे जातो. बायका बऱ्याचदा अशी घालतात आणि अंबाडा किंवा दाट केस असतील तर तीच सोयीची. गावातले म्हातारे मात्र यातलं काहीच करत नाहीत. लहान घेराची बेरे डोक्यावर सपाट बसवतात, पुढे किंचित दाबतात आणि झोपतानाच काढतात. त्यांना शोभते, कारण त्या लोकरीने त्यांच्या डोक्याचा उंचसखलपणा वर्षानुवर्षं घेतलेला असतो. पहिल्या दिवशी तसं करायला जाऊ नका.

झोळ कोणत्या बाजूला? नागरी बेरेला नियम नाही. भांग ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध बाजूला बहुधा बरा दिसतो, पण दोन्ही करून बघा. नियम सैन्यात आहे. फ्रेंच सैन्यात सहसा बिल्ला उजवीकडे आणि झोळ डावीकडे. ब्रिटिश आणि भारतीय सैन्यात उलट: बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, झोळ उजव्या कानाकडे. तुमचे वडील कॉलेजात एनसीसीत असतील तर त्यांचा हात आपोआप उजवीकडेच जाईल.

सैन्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो, कारण मराठी माणसाची बेरेशी पहिली ओळख बहुधा तिथेच होते. मेंढपाळांची ही टोपी फ्रान्सच्या डोंगरी तुकड्यांनी १८८९ मध्ये घेतली. ब्रिटिशांच्या रणगाडा दलाला १९२४ मध्ये काळी बेरे मंजूर झाली. रणगाड्यात टोपीला पुढचं छज्जं असून चालत नाही, डोळा दुर्बिणीला लावता येत नाही, आणि काळ्या रंगावर तेलाचे डाग दिसत नाहीत. तीच काळी बेरे आपल्या चिलखती दलाकडे आली. अहिल्यानगरला त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथल्या रस्त्यांवर ती पाहिली असेल. पॅराशूट रेजिमेंटची लालसर तपकिरी बेरे तर पोरांना पाठ असते.

पण लष्करी बेरे वेगळी. तिचा घेर लहान असतो, कडेवरची चामड्याची गोट बाहेरून दिसते आणि ती एका ठरलेल्या आकारात कायमची बसवायची असते. एनसीसीचे कॅडेट नवी बेरे पाण्यात भिजवून डोक्यावरच वाळवतात आणि काहीजण दाढीच्या ब्लेडने लव काढून टाकतात. गणवेशासाठी ते ठीक. नागरी बेरेवर ब्लेड लावू नका. पाऊस ओघळून जातो तो त्या लवेवरूनच, आणि एकदा पडलेला टक्कलाचा डाग झाकता येत नाही. भिजवण्याची युक्ती मात्र सौम्य करून वापरता येते: फवाऱ्याने कोमट पाणी मारा, जेमतेम ओलसर होईल इतकंच, हवी तशी बसवा आणि घरातल्या घरात वाळेपर्यंत घालून ठेवा. दोन-तीनदा केलंत की झोळाला आपली जागा कळते.

बिनपट्टीची बेरे जास्त आवळत असेल तर इथली जुनी रीत गुडघ्याची आहे. कड थोडी ओलसर करा, खुर्चीवर बसा, गुडघा वाकवून बेरे त्यावर चढवा आणि दोन्ही हातांनी कडेला सगळीकडून सारखा ताण देत जरा वेळ धरा. मग थोडी फिरवा, पुन्हा धरा. एकाच जागी ओढलं तर कडेला कान फुटतात. साधारण एक नंबर एवढी जागा होते. पट्टीवालीवर हे करू नका, टाके उसवतात. ती टोपीवाल्याकडे वाफेवर न्या.

धुणं शक्यतो टाळा. कपड्याच्या मऊ ब्रशने मध्यापासून काठाकडे, गोलाकार, धूळ झाडली की बरेच महिने भागतं. धुवायचीच तर थंड पाणी, लोकरीचा साबण, चोळणं नाही, पिळणं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि घेराएवढ्या जेवणाच्या ताटावर चढवून सावलीत वाळवायची. वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात टाकलेली बेरे बाहेर येते ती बाहुलीची होऊन. कारखान्यात जे मोजूनमापून केलं होतं तेच मशीन पुन्हा, न मोजता करतं, आणि आटलेला नमदा परत पहिल्यासारखा होत नाही.

आता वडिलांची. पुण्यात लोकरी बेरे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी फिरायला जाताना खरोखर कामाची आहे. मार्चमध्ये ती कपाटात गेली पाहिजे. मुंबईला पाठवायची असती तर मी नको म्हटलं असतं. खरा प्रश्न पावसाळ्याचा, कसर आणि बुरशी. ठेवण्याआधी ब्रश मारून, कोवळ्या उन्हात थोडा वेळ धरून, सुती पिशवीत वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासोबत ठेवायला सांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल कोंडते. पावसाळ्यात एक-दोनदा बाहेर काढून झटकली तर उत्तम. कसरीला न हलवलेले कपडे आवडतात.

माप फोनवरून मागवा, पण आकडा विचारू नका, पद्धत सांगा. घरात शिंप्याची टेप नसेल तर सुतळी वर सांगितल्याप्रमाणे डोक्याभोवती फिरवायची, जिथे जुळेल तिथे चिमटीत धरायची आणि पट्टीवर मोजायची. दोनदा करायला सांगा, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. वडील गांधी टोपी घालत असतील तर नीट बसणाऱ्या टोपीची आतली कड त्याच सुतळीने मोजली तरी चालेल. डोक्यावर घालून बघण्याची सोय नसताना मी पट्टीवाली बेरे सहसा विकत नाही, माप अर्ध्या सेंटिमीटरने हुकलं तरी ती तशीच राहते. नाडीवाली किंवा बिनपट्टीची घ्या. घेर २७, फार तर २८, रंग काळा किंवा गडद निळा. पांढऱ्या केसांवर दोन्ही छान दिसतात. तपकिरी रंग आवडत असेल तर तोही चालेल, पण भडक लाल नको. तो इकडे बायोनच्या जत्रेत पांढऱ्या कपड्यांवर खुलतो, पुण्यात सकाळी साडेसहाला टेकडीवर नाही.

पाठवताना घडी घालू नका. पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यात सपाट ठेवा, वर जड काही नको. वडिलांनी पहिल्यांदा घातली की व्हिडिओ कॉलवर कड भुवयांपासून दोन्हीकडे सारख्या उंचीवर आहे का तेवढं बघा. झोळ कुठे घ्यायचा ते त्यांचं ते ठरवतील.